पिन पार्वती पास सप्टेंबरमध्ये करायचाय, प्लॅन बघून सांगा

वाटसरू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आम्ही चौघं मित्र. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पिन पार्वती (हिमाचलमधली, कुल्लूकडून स्पितीत उतरणारी खिंड) करायचं पक्कं झालंय (म्हणजे माझं पक्कं, बाकीचे तिघं "तू ठरव, आम्ही येतो" वाले). हमता आणि रूपिन हे हिमालयातले पास झालेत, सह्याद्रीत तर वर्षभर चालूच असतं, त्यामुळे चालायचं टेन्शन नाही पण पाच हजार मीटरच्या वर कोणीच गेलेलं नाही आणि हा पास ५,३१९ मीटरचा आहे म्हणे.

एका एजन्सीशी बोललो, त्यांनी जो प्लॅन दिला तो असा: कुल्लूकडच्या बरशैणीहून खीरगंगा, दुसऱ्या दिवशी टुंडा भुज, मग ठाकूर कुआं, मग ओडी थाच, मग मानतलाई, मग पासच्या खालचा बेस कॅम्प, सातव्या दिवशी पास क्रॉस करून पिनच्या बाजूला उतरायचं आणि नवव्या दिवशी स्पितीतल्या मुद गावात. दहाव्या दिवशी मुदहून गाडी करून काझामार्गे मनाली आणि त्याच रात्रीची दिल्लीची बस, तिथून सकाळचं विमान. ऑफिसच्या सुट्टीत हे सगळं अगदी मापात बसतंय, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही, म्हणून खूश होतो. पण घरी बायकोने कागद बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "आणि पाऊस लागला तर?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून इथे आलो :)

तर विचारायचंय ते हे की हे दिवस पुरेसे आहेत का, बरशैणीकडून जावं की उलटं मुदकडून (एक मित्र म्हणतो उलटं सोपं कारण सुरुवातच उंचावरून होते, चढ कमी), एजन्सी खरंच लागते का की गाईड-पोर्टर घेऊन आपलं आपण जमेल, आणि चौघांपैकी एकाला बीपीची गोळी चालू आहे, त्याने यावं का. तयारीला अजून तीन महिने आहेत. जे जाऊन आलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

थंडोबा

वहिनींना माझा नमस्कार सांगा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यांनीच विचारलाय.

आधी उलट्या दिशेचं बोलतो कारण ते चटकन संपेल. मुद गाव साधारण ३,८०० मीटरवर आहे, तिथे तुम्ही गाडीने पोचणार, आणि तिथून दोन-तीन दिवसांत थेट पासवर. अंग उंचीला सरावायला वेळच मिळत नाही. आधी स्पितीत आठवडाभर फिरणार असाल, काझा, किब्बर, लांगझा असं राहून मग निघणार असाल तर उलटी दिशा चालून जाते, नाहीतर नको. बरशैणी २,२०० च्या आसपास आहे, तिथून पार्वती नदीच्या काठाकाठाने हळूहळू वर जाता, मानतलाईपर्यंत रोजची चढाई शरीराला झेपेल अशीच आहे. चढ जास्त पडतो हे खरं पण तोच चढ पुढे कामाला येतो. मित्राला सांगा सोपं आणि कमी हे दोन वेगळे हिशोब आहेत.

आता तुमच्या कागदावरची खरी गोची. मानतलाई सुमारे ४,१०० वर आणि बेस कॅम्प ४,९०० च्या आसपास, म्हणजे एका दिवसात झोपायची उंची आठशे मीटरने वाढवताय आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पास. तुमच्या प्लॅनमध्ये मानतलाईला एक पूर्ण दिवस मुक्काम नाही, तो घालाच घाला. त्या दिवशी नुसतं लोळायचं नाही, बेस कॅम्पच्या वाटेवर तीन-चारशे मीटर चढून जायचं आणि झोपायला परत खाली यायचं. त्याशिवाय एक दिवस हवामानासाठी आणि एक दिवस मुदनंतरच्या रस्त्यासाठी. असे तीन दिवस वाढवल्याशिवाय मी स्वतः ह्या वाटेला जाणार नाही आणि दुसऱ्या कुणाला जा पण म्हणणार नाही.

कारण सांगतो. ह्या ट्रेकमध्ये पास हा अवघड भाग आहेच, पण जास्त अवघड आहे ते मध्येच अडकणं. हमत्याला काही झालं तर एका दिवसात रस्त्याला लागता येतं. इथे बेस कॅम्पवर कुणाची तब्येत बिघडली तर मागे बरशैणी तीन मोठे दिवस, पुढे पास ओलांडून मुद दोन दिवस. खेचर-घोडे पांडू पुलाच्या पुढे धड जात नाहीत, खीरगंगेनंतर मोबाईल विसरा. म्हणून दिवस पदरात हवेत. घाईत असलेला ग्रुप वाईट हवेत पण वर चढतो, कारण खाली विमान थांबणार नसतं.

वाटेबद्दल थोडं. खीरगंगेला गरम पाण्याचं कुंड आणि तोबा गर्दी, तिथे फार रमू नका, एक रात्र पुरे. टुंडा भुजपर्यंत जंगल आहे, नावातच भूर्जाची झाडं आहेत, त्यानंतर झाडं संपतात आणि खरा हिमालय सुरू होतो. ठाकूर कुआंच्या पुढे पांडू पूल लागतात, प्रचंड शिळा नदीवर आडव्या पडून झालेले नैसर्गिक पूल, पांडवांनी टाकले अशी तिकडची कथा. कोरडे असतील तर मजा, पाऊस झालेला असेल तर पाठीवरच्या सॅका दोराने वेगळ्या न्यायच्या, तिथे हिरोगिरी नको. ओडी थाच म्हणजे लांबच लांब कुरण, गद्दी लोकांची मेंढरं असतात, तिथलं पाणी गाळून-उकळूनच प्या. मानतलाई बघून बरेच जण हिरमुसतात कारण डोक्यात निळंशार तळं असतं आणि समोर असतं वाळूचं पसरट मैदान, त्यात नदीचे फाटे आणि वारा. पार्वती नदीचा उगम तिथला, म्हणून बिचारे गावकरी श्रद्धेने जातात. तंबू पाण्यापासून लांब आणि दगडाच्या आडोशाला लावा.

मानतलाईनंतरचा दिवस मोरेनचा, म्हणजे ग्लेशियरने आणून टाकलेल्या दगडांच्या राशी. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. ह्या दिवशी लोक मनाने थकतात. पासचा दिवस त्यामानाने बरा, पहाटे तीन-चारला निघायचं, बर्फ कडक असतो तोवर जितकं अंतर काढता येईल तितकं काढायचं. उशीर झाला की बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत जातो आणि ग्लेशियरमधल्या भेगांवरचे बर्फाचे पूल पण नरम पडतात. म्हणून टाईम लिमिट खालीच ठरवून टाका. आम्ही ठरवतो ते असं की सकाळी दहापर्यंत माथा दिसत नसेल तर मागे. कोण दमलंय, कोण जोशात आहे, काही बघायचं नाही, घड्याळ बघायचं.

डॉ_चष्मिष्ट

थंडोबांच्या मुद्द्याला डॉक्टरी पुस्ती जोडते.

नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपायची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा कितीही वर जाऊन या, झोप कुठे घेता ते मोजायचं. कॅम्पसाठी सपाट जागा डोंगर देईल तिथेच मिळते त्यामुळे दरवेळी नियम पाळता येत नाही, मग ज्या दिवशी मोठी उडी आहे त्याच्या आधी थांबायचं. तुमच्या बाबतीत ते मानतलाईच.

डायमॉक्स (अ‍ॅसेटाझोलामाइड) बद्दल कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहिते. प्रतिबंध म्हणून सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाई सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, सोडा-कोल्ड्रिंकची चव विचित्र लागते, हे सगळं अपेक्षित आहे, घाबरू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर आपल्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय हात लावू नका. आणि घरी असताना एक-दोन दिवस घेऊन बघा, त्रास व्हायचा असेल तर तो घरी कळलेला बरा. ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, लक्षणं झाकत नाही. तरी ती खाल्ली म्हणून दोन मुक्काम एकात उरकायचे असा अर्थ काढणारे महाभाग भेटतात!

लक्षणं चौघांनाही पाठ हवीत, एकट्या लीडरला नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणे, झोप न लागणे म्हणजे साधा एएमएस (उंचीचा त्रास). त्या दिवशी वर जायचं नाही, इतकंच. पण माणूस सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालू शकत नसेल, भेलकांडत असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा कधी नव्हे इतका गप्प गप्प आणि चिडका झाला असेल तर मेंदूला सूज असू शकते. बसल्या जागी धाप लागतेय, छातीत घरघर, खोकला, ओठ निळसर, तर फुप्फुसात पाणी. ह्या दोन्हीला औषध एकच आणि ते म्हणजे खाली उतरणं, रात्र असली तरी. डेक्सामेथासोन आणि निफेडिपीन किटमध्ये ठेवतात पण ती उतरता यावं म्हणून, वरच थांबता यावं म्हणून नव्हे. कुणाला किती द्यायचं हे निघण्यापूर्वी डॉक्टरकडून लिहून घ्या.

ते छोटे ऑक्सिजनचे स्प्रेसारखे डबे नेऊ नका, चार-दोन मिनिटांत संपतात आणि खोटा धीर देतात. ऑक्सिमीटर न्या पण हात गार असतील तर तो वाट्टेल ते आकडे दाखवतो, हात चोळून गरम करा आणि मग बघा. आणि एक आकडा बघून घाबरण्यापेक्षा समोरच्या माणसाकडे बघा.

बीपीवाल्या मित्राबद्दल. नियंत्रणात असलेलं बीपी म्हणजे ट्रेकला बंदी असं नाही. पण उंचीवर बीपी काही दिवस वाढतं, आणि गोळी कुठली आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. बीटा ब्लॉकर असेल तर चढावर हृदयाचे ठोके हवे तितके वाढत नाहीत, लघवीची गोळी असेल तर पाणी कमी पडायचा धोका, त्यात डायमॉक्सची भर. त्याने हृदयाची तपासणी, स्ट्रेस टेस्ट वगैरे करून, "५,३०० मीटरवर चालत जाणार आहे, रस्त्यापासून तीन दिवस लांब" हे शब्द वापरून स्वतःच्या डॉक्टरला विचारावं. नुसतं ट्रेकला जातोय म्हटलं की डॉक्टरच्या डोळ्यासमोर सिंहगड येतो.

कातळकडा

मी जरा वेगळं मत मांडतो. एजन्सी कशाला हवी? तुम्ही हमता रूपिन केलेले लोक, स्वतःचे टेंट घ्या, बरशैणी किंवा कलगा-पुलगा गावातून एक माहितगार माणूस आणि दोन-तीन पोर्टर घ्या आणि निघा. एजन्सीच्या बॅचमध्ये वीस-वीस लोक, त्यात कुणी पहिल्यांदा बूट घातलेला, सगळे त्याच्या वेगाने चालणार, आणि वर त्यांची पुढची बॅच मागून येत असल्याने तुमच्या मनाने एक दिवस थांबता पण येत नाही. तुम्हाला बफर डे (राखीव दिवस) हवाय ना, मग स्वतःचा ग्रुप हाच एकमेव मार्ग. सोबत जीपीएस ट्रॅक डाउनलोड करून ठेवा, वाट सापडते.

१८८४ साली लुई डेन नावाच्या साहेबाने हा पास ओलांडला तेव्हा त्याच्याकडे कुठली एजन्सी होती!

डोंगरमाऊली

@कातळकडा, साहेबाबरोबर किती हमाल होते तेही बघा की राव. साहेब कधी एकटा गेलाय डोंगरात?

मोठ्या बॅचबद्दल तुमचं म्हणणं पटतं, मला पण ती जत्रा आवडत नाही. पण जीपीएस ट्रॅकवर ग्लेशियर ओलांडायचं हे वाचून राहवलं नाही. ट्रॅक कुणीतरी जुलैत काढलेला असतो, तुम्ही सप्टेंबरात जाणार. जुलैत भेगांवर बर्फ असतो म्हणून माणूस सरळ चालत गेला, सप्टेंबरमध्ये तिथेच तोंड उघडं पडलेलं असतं, किंवा त्याहून वाईट, वर चार बोटं ताजा बर्फ पडून झाकलेलं असतं. स्क्रीनवरच्या रेषेला ते काय कळणार. तिथे दोराला बांधून, अंतर ठेवून, पुढच्याने काठीने चाचपत जायचं असतं, आणि कुणी पडलाच तर बाकीच्यांना त्याला बाहेर काढता यायला हवं. "माहितगार" आणि "ग्लेशियरचं ट्रेनिंग असलेला" हे दोन वेगळे लोक असू शकतात. मेंढपाळाला वाट आपल्यापेक्षा शंभरपट चांगली माहीत असते, पण दोराचं काम त्याला यावंच असं नाही.

म्हणून वाटसरू, माझा सल्ला मधला. स्वतःचा चौघांचाच ग्रुप ठेवा, पण मनालीची एखादी छोटी स्थानिक संस्था पकडा जी फक्त तुमच्यासाठी ट्रेक लावेल. फोनवर बोलताना जेवणाचा मेनू विचारू नका, हे विचारा: मुख्य गाईडने मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेतून किंवा उत्तरकाशीच्या निममधून (नेहरू पर्वतारोहण संस्था) कोर्स केलाय का आणि कुठला, तो गेल्या एक-दोन वर्षांत हाच पास ओलांडून आलाय का, दोर, हार्नेस, आइस अ‍ॅक्स किती सेट आहेत आणि त्यात पोर्टर लोक मोजलेत का, एक माणूस आजारी पडून मागे न्यायचा झाला तर सोबत कोण जाणार आणि उरलेल्यांचं काय. शेवटच्या प्रश्नावर जो अडखळेल त्याला सोडून द्या. आणि पोर्टरचे बूट, गॉगल, रात्रीचा तंबू ह्याचं पण विचारा. आपण डाऊन जॅकेटमध्ये आणि तो रबरी चपलेत ग्लेशियरवर, हे चित्र मी बघितलेलं आहे आणि तशा ग्रुपबरोबर परत जायची माझी इच्छा नाही.

परवानगीचं पण त्यांच्याकडून लेखी घ्या. वाटेत दोन्ही बाजूंना राष्ट्रीय उद्यानं आहेत, खीरगंगा इकडे आणि पिन व्हॅली तिकडे, वनखात्याची परवानगी लागते.

अजून एक, परदेशातून कुणी भाऊ-मित्र इनरीच (उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र) किंवा सॅटेलाईट फोन आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. आपल्याकडे परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं-वापरणं बेकायदेशीर आहे, विमानतळावर लोक पकडले गेलेत. त्यापेक्षा घरी कागदावर लिहून द्या की अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करू नका, तमुक तारखेनंतर ह्या नंबरवर फोन करा. ह्या दोन तारखांमध्ये बफरचे दिवस धरलेले हवेत, नाहीतर तुम्ही मानतलाईला चहा पीत बसलेले आणि घरचे पोलिसात.

कातळकडा

ग्लेशियरचा मुद्दा मान्य. मी ऑगस्टच्या सुरुवातीला गेलो होतो, तेव्हा बर्फ भरपूर होता. बाकी मोठ्या बॅच नकोत ह्यावर ठाम.

वाटसरू

बापरे, एवढ्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती. सगळ्यांचे आभार. डॉक्टरताई, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा ग्रुपवर टाकलाय, बीपीवाला मित्र आधी चिडला, मग गुपचूप अपॉइंटमेंट घेतली.

आता अडचण अशी की तीन दिवस अजून म्हणजे सुट्टी पुरत नाही. एकाच्या बॉसने आत्ताच नाक मुरडलंय. म्हणून एक विचार डोक्यात आलाय, खीरगंगेला न थांबता पहिल्याच दिवशी पुढे जायचं आणि ठाकूर कुआं-ओडी थाच एका दिवसात करायचं, म्हणजे दोन दिवस वाचतात आणि ते मानतलाईला आणि हवामानाला वापरता येतील. चालेल का? शिवाय ऑगस्टअखेर निघालो तर एक जोडून सुट्टी मिळतेय, तेव्हा पाऊस कितपत असतो? आणि तयारी काय करू, सध्या रोज पळतो पण पळून उपयोग आहे का?

थंडोबा

दिवस वाचवायचा तर खाली वाचवा हे तत्त्व बरोबर आहे. पण पहिल्याच दिवशी खीरगंगेच्या पुढे, तेही रात्रभर बसमध्ये आंबून आल्यावर, भर्रकन उंची वाढवायची मला रुचत नाही. ठाकूर कुआं ते ओडी थाच जोडता येईल, उंचीतला फरक फार नाही, फक्त मधे पांडू पूल आहेत, ते संध्याकाळी दमलेल्या पायांनी करावे लागणार नाहीत असा हिशोब करा. म्हणजे एक दिवस वाचला समजा. बाकीचे दोन बॉसकडूनच मागायला लागणार.

ऑगस्टअखेर पार्वतीच्या बाजूला पावसाळाच म्हणायचा. पिनची बाजू पर्जन्यछायेत, तिथे कोरडं, पण तिथे पोचायला आधी ओल्या बाजूचे सहा-सात दिवस काढायला लागतात. दगड निसरडे, नाले फुगलेले, आणि भुंतरहून वर येणारा रस्ता दरड पडून कधी बंद होईल नेम नाही. २०२३ च्या जुलैत कुल्लू-मनालीत काय झालं सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याच वेळी चंद्रतालला लोक बर्फात अडकून पडले होते. सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा मला सगळ्यात बरा वाटतो. भेगा उघड्या असतात पण दिसतात तरी. महिना संपत आला की नव्या बर्फाची भीती.

नाल्यांबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही. ग्लेशियरचं पाणी दुपारी वाढतं, ऊन लागून वितळतं ना. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी तीनला कमरेला येऊ शकतो. पिनच्या बाजूला उतरल्यावर हे जास्त जाणवतं. मोठे ओढे सकाळीच ओलांडा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, अनवाणी जाऊ नका, जुन्या सॅंडल न्या त्या कामासाठी. पाण्याने वाढायचं ठरवलं असेल तर पलीकडे उडी मारून बघू वगैरे करायचं नाही, तंबू लावायचा आणि पहाटेची वाट बघायची. बघा, इथे पण परत दिवसच लागतोय.

पळणं चालू ठेवा, दम वाढतो. पण त्याबरोबर पाठीवर ओझं घेऊन चढणं-उतरणं करा, जिने असले तरी चालतील, आणि उतरणं टाळू नका. गुडघे आणि मांड्या उतारावर जातात, चढावर नाही. सलग दोन-तीन दिवस मोठी चाल होईल असे वीकेंड काढा कारण दुसऱ्या दिवशी दुखऱ्या अंगाने निघायची सवय हीच खरी तयारी. कळसूबाई १,६४६ मीटर, तेव्हा सह्याद्रीत पाय तयार होतील, उंचीची तयारी मात्र तिकडेच व्हायची, त्याला शॉर्टकट नाही.

आणि सुट्टी नाहीच मिळाली तर भाबा पास बघा ना. किन्नौरमधल्या काफनूहून निघायचं आणि उतरायचं त्याच मुद गावात. उंची पाच हजारच्या आत, चालायचे दिवस पिन पार्वतीच्या निम्म्याच्या आसपास, आणि हिरव्यागार कुरणातून पास ओलांडल्यावर एकदम पिनचं उघडंबोडकं वाळवंट समोर येतं तो प्रकार तिथेही आहेच. तुमच्याकडे आत्ता जितके दिवस आहेत त्यात भाबा आरामात, बफरसकट बसतो. पिन पार्वती पुढच्या वर्षी.

डॉ_चष्मिष्ट

भाबाला अनुमोदन, पण तिथेही उंची झटपट वाढते हां, काफनूच्या पुढे एक मुक्काम जास्तीचा ठेवा. आणि रूपिनला गेला होतात तेव्हा चौघांपैकी कुणाला काय त्रास झाला होता ते आठवून लिहून काढा. ज्याला एकदा त्रास झालाय त्याला पुन्हा व्हायची शक्यता जास्त असते, माझ्या दृष्टीने फिटनेसपेक्षा ही माहिती मोलाची. मॅरेथॉन पळणारे पण आडवे होतात, कारण ते वेगाने चढतात.

गॉगलचं पण सांगायचं राहिलं. बर्फावरून परत येणारं ऊन ढगाळ दिवशीही डोळे जाळतं, संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि मग दिसत नाही. बाजूने बंद असलेले, पूर्ण यूव्ही अडवणारे गॉगल हवेत, आणि ग्रुपमध्ये एक जोडी जास्तीची. तुमच्यात कुणाला माझ्यासारखा चष्मा असेल तर नंबरचे करून घ्या.

भुंगा

प्लॅनच्या शेवटच्या दिवसाबद्दल कोणीच बोललं नाही का? मुद ते मनाली एका दिवसात आणि त्याच रात्री बस?? अहो मुद ते काझाच दोन तास तरी धरा, तिथून पुढे कुंझुम ला हा पास, साडेचार हजार मीटरच्या वरचा, मग ग्रांफूपर्यंत रस्ता म्हणजे दगड आणि ओढे, तिथून पुढे अटल बोगदा. पहाटे निघालात आणि सगळं जमून आलं तर रात्री पोचाल, पण एक ओढा जरी फुगला तरी गाडी अलीकडेच. कुंझुम बंद पडला तर किन्नौर-शिमला करून जावं लागतं, त्याला दोन दिवस. विमानाचं तिकीट मनालीला पोचल्यावर काढा, महाग पडलं तर पडलं.

वाटसरू

@भुंगा अरे देवा, तिकीट काढून झालंय :( तारीख बदलता येते का बघतो, नाहीतर रद्द करतो.

बॉसवाल्या मित्राला हा धागा पाठवलाय, तो म्हणतो भाबा करू. दुसरा म्हणतो पिन पार्वतीच, बिनपगारी रजा घेतो. रविवारी चौघं भेटतोय तेव्हा फैसला होईल. डोंगरमाऊली, त्या छोट्या संस्थांपैकी कुणाचा तुम्हाला चांगला अनुभव असेल तर व्यनि (खाजगी निरोप) कराल का? आणि कोणी गेल्या सप्टेंबरमध्ये मानतलाईच्या पुढे गेलेलं असेल तर बर्फाची स्थिती कशी होती तेवढं लिहा.

डोंगरमाऊली

व्यनि केलाय. त्यांना फोन करताना संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा ते लोक डोंगरात असतात.